गप्प झालेली दाढ



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासाचे अभ्यासक बोलले, शेतीतले जाणकार बोलले, कीर्तनकारही बोलले. दातांच्या डॉक्टरला बोलावण्याचं धाडस यंदा पहिल्यांदा झालं आहे. विषय कोणता, असं कार्यवाहांनी फोनवर विचारलं तेव्हा मी "रूट कॅनॉल" म्हणालो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "डॉक्टर, लोक येतील ना?" तुम्ही आलात. त्यातले किती जण गालावर हात ठेवून आलात ते इथून नीट दिसत नाही, पण तीस वर्षांच्या अनुभवावरून अंदाज बांधता येतो.

आधी नावाचा घोळ मिटवतो. "मला रूट कॅनॉल झालंय," असं सांगत माणसं दवाखान्यात येतात. कावीळ झाली, टायफॉइड झाला, तसं. रूट कॅनॉल हा आजार नाही. दाताच्या मुळातून जाणारी ती एक बारीक पोकळ वाट आहे आणि ती इथे बसलेल्या प्रत्येकाच्या प्रत्येक दातात आहे. त्या वाटेत बिघाड झाला की जे उपचार करावे लागतात, त्यांना आपण आळसाने तेच नाव देऊन टाकलं.

मी साक्री तालुक्यातला. लहानपणी आमच्याकडे कॅनॉल म्हणजे पाट. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांतून निघणारे पाट, त्यांच्या चाऱ्या, आणि त्यावर भिजणारे गावाचे फड, म्हणजे शेतांचे सलग पट्टे. ही फड पद्धत काही शतकांची आहे. पाटकरी कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं ते ठरवी आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणं ही त्याची जबाबदारी असे. पुढे दंतवैद्यकाचं शिक्षण घेताना दाढ उभी चिरून पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा फडच आठवला. वर एक छोटी खोली, तिच्यातून खाली मुळांत उतरणाऱ्या चाऱ्या, आणि प्रत्येक चारीच्या टोकाला जबड्याच्या हाडात उघडणारं सुईच्या अग्राएवढं भोक. त्या भोकातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आत येतात. आतल्या या मऊ जिवंत भागाला पुस्तकात दंतमज्जा म्हणतात, लोक नस म्हणतात. मी गर म्हणतो, कारण तो नुसती नस नसतो. बाहेरचं पांढरं कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, त्याच्या आत पिवळसर डेंटिन, आणि त्याच्या आत हा गर. आमसुलाएवढाही नव्हे, तांदळाच्या कणीएवढा.

आता कीड. दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो, ही समजूत जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची रीत आहे. धुरी घेतल्यावर परातीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दिसतात आणि माणसाला वाटतं, निघाले! युरोपात हाच उद्योग खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. तिथे तपासलं तेव्हा ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोवळे अंकुर निघाले. 1728 साली पॅरिसच्या पिएर फोशार या शल्यवैद्याने दंतवैद्यकाचा पहिला मोठा ग्रंथ छापला. त्याने किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि किडा काही सापडत नाही असं नोंदवून ठेवलं. तरी आपल्या भाषेत दाताला कीडच लागते. भाषेला दोष देत नाही. शब्द राहू द्या, धुरी तेवढी सोडा. खरं घडतं ते असं, की तोंडातले जंतू आपल्या खाण्यातल्या साखरेचं आम्ल करतात, आम्ल कवच विरघळवतं, वाट पडते, आणि एक दिवस जंतू गरापर्यंत पोचतात.

जंतूंनीच हे होतं, हे कशावरून? 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी एक प्रयोग केला. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवलेले उंदीर घेतले आणि साधे उंदीरही घेतले. दोघांच्याही दाढांना भोक पाडून गर उघडा केला आणि तसाच सोडला. साध्या उंदरांचा गर सडला, मुळाशी गळू झालं. निर्जंतुक उंदरांच्या दाढेत अन्न अडकलं, तरीही गर जिवंत राहिला आणि त्याने उघड्या जागेवर नवं डेंटिन बांधून भोक आतून बुजवायला घेतलं. मला हा प्रयोग फार आवडतो. आमच्या शास्त्रातला अर्धा वाद त्याने एका झटक्यात निकालात काढला.

आणि आता माझा खरा मुद्दा. रूट कॅनॉलबद्दल डझनभर गैरसमज आहेत. त्यातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा नव्हे, की ते फार दुखतं. सगळ्यात महाग पडतो तो हा: दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं.

गराला सूज येते तेव्हा काय होतं पाहा. बोट सुजलं तर ते फुगतं, कातडी ताणते. गर मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. सुजायला जागा नाही, त्यामुळे दाब वाढतो आणि नस दाबली जाते. आधी गारेगार खाल्ल्यावर सणक जाते, मग गरम चहाने, आणि मग रात्री आडवं झालं की ठणका सुरू. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून तो रात्री. अशा माणसाने पहाटे तीन वाजता अंगणात येरझारा घातलेल्या असतात. तो सकाळी येतो आणि खुर्चीत बसायच्या आधी सांगतो, "डॉक्टर, मना दात दुखस, काढी टाका."

समजा तो आलाच नाही. दुकानातून गोळी घेतली, दाढेखाली लवंग दाबली, बहिणीने सांगितलं म्हणून मिसरी लावली. चार दिवसांनी ठणका आपोआप थांबला. तो लवंगेला श्रेय देतो, मिसरीला देतो, कुलदैवताला देतो. खरं काय झालं? गर मेला. मेलेली नस दुखत नाही. ठणका गेला म्हणजे गराचा जीव गेला, आणि ज्या वाटेने रक्त येत होतं ती वाट आता जंतूंच्या ताब्यात गेली. दाढ गप्प होते. महिनोन् महिने गप्प राहते. आत मुळाच्या टोकाशी हाड विरघळत असतं आणि माणूस त्याच दाढेने कळण्याची भाकरी चावत असतो.

एक शेतकरी आठवतात. शिरपूरकडचे. हनुवटीवर मधोमध एक फोड, मधूनमधून पू यायचा, खपली धरायची, पुन्हा फुटायची. दीड वर्ष हे चाललं होतं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, दोनदा चिरा देऊन झाला. कोणीतरी शेवटी दातांकडे पाठवलं आणि ते माझ्यावर जरा चिडूनच आले होते: फोड हनुवटीला, मी दात कशाला दाखवू? त्यांचे खालचे दात पाहिले. एकही किडलेला नव्हता. फक्त समोरचा एक दात बाकीच्यांपेक्षा किंचित राखाडी. विचारलं, लहानपणी कधी इथे मार लागला होता का? बराच वेळ आठवून म्हणाले, सातवीत असताना बैलगाडीचं जू उसळून लागलं होतं, दोन दिवस सूज होती. म्हणजे दात तेव्हाच मेला होता. तीस-बत्तीस वर्षं गप्प होता आणि मग त्याच्या मुळाशी साठलेल्या पूने हाडातून, कातडीतून, हनुवटीवर वाट काढली. एक्स-रेत मुळाखाली काळा गोल डाग स्वच्छ दिसला. दाताच्या चारीची सफाई केली, ती भरली, फोडाला हातही लावला नाही. काही आठवड्यांत तो आपोआप मिटला आणि जागेवर छोटासा खड्डा राहिला. पुढच्या खेपेला त्यांच्या सौभाग्यवती सोबत होत्या. हसून म्हणाल्या, "आते खळी पडस."

आता अँटिबायोटिकचं. गोळ्या खाल्ल्या की सूज उतरते, हे तुम्ही अनुभवलं असेल. गोळी रक्तातून प्रवास करते. मेलेल्या दातात रक्त जात नाही. मग गोळी आत पोचणार कशी? ती आजूबाजूच्या हाडातली, हिरडीतली चढाई थोपवते. जंतूंचं मूळ ठाणं दातात शाबूत राहतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा फौज बाहेर पडते. नुसत्या ठणक्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे. ताप, पसरती सूज असेल तेव्हा गोळ्या हव्यातच, पण दाताच्या उपचाराच्या जोडीला. मेडिकलच्या काउंटरवर "ती मागची लाल कॅप्सूल द्या" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय.

आणि सूज आल्यावर बाहेरून गरम शेक देऊ नका. शेकाने पू कातडीकडे यायला मदत होते. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, आवाज बदलला, ताप चढला, तर सकाळची वाट पाहायची नाही. थेट मोठ्या रुग्णालयात. 1836 मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने या अवस्थेचं वर्णन केलं. त्यात श्वास कोंडतो. दातापायी माणूस दगावतो ही अतिशयोक्ती नाही.

लवंगेवर मात्र माझा राग नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नस खरंच तात्पुरती बधिर करतं. आम्ही ज्या झिंक ऑक्साइडच्या सिमेंटने वर्षानुवर्षं दाढा भरत आलो, त्यात तेच युजेनॉल असतं. दवाखान्यात येणारा तो वास लवंगेचाच. आजीची लवंग चुकत नव्हती, तिच्यावर थांबणं चुकत होतं. मिसरीचं तसं नाही. दात दुखतो म्हणून बोटावर घेतलेली मिसरी पुढे चाळीस वर्षं सुटत नाही आणि तिचा शेवट कुठे होतो, ते कॅन्सरच्या दवाखान्यात जाऊन पाहा.

डोळ्यांचा मुद्दा तर प्रत्येक वेळी येतो. वरची दाढ काढली की नजर जाते, नस काढली की मेंदूला इजा होते. मी आधी याला हसायचो. मग सुश्रुतसंहिता वाचली आणि हसणं बंद झालं. चिकित्सास्थानात सुश्रुत बजावतो, की वरचा दात हलत असला तरी उपटू नये. अति रक्तस्राव होऊन माणूस आंधळा होतो, तोंड वाकडं होतं. म्हणजे आपल्या आज्या दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकीय इशारा सांगत होत्या! भूल नाही, टाके नाहीत, निर्जंतुकीकरण नाही, अशा काळात तो इशारा शहाणपणाचाच होता. वाग्भटानेही किडलेल्या दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डागायला सांगितलं आहे. नस मारण्याचाच तो प्रयत्न. पण शरीररचना आता आपल्याला नीट ठाऊक आहे. पाहण्याची नस वेगळी, ती डोळ्यामागून सरळ मेंदूत जाते. दातांची संवेदना नेणारी नस दुसरी, तिला तीन फांद्या. एक कपाळ-डोळ्याच्या भागाची, दुसरी वरच्या दातांची, तिसरी खालच्या. रूट कॅनॉलमध्ये आपण फांदीच्या टोकाचं एक पान खुडतो. पाहण्याच्या नसेशी त्याचा संबंध नाही.

शिकल्यासवरलेल्यांचे गैरसमज निराळे. ते मोबाइल पुढे करतात: "सर, रूट कॅनॉल केलेल्या दातामुळे हृदयविकार आणि कॅन्सर होतो म्हणे." ही गोष्ट मोबाइलच्या कितीतरी आधीची, शंभर वर्षांहून जुनी आहे. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. त्याचा रोख होता सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर, आणि तो बरोबरच होता. पण पुढे त्यातून अशी लाट आली, की संधिवात, पोटदुखी, वेड, सगळ्याचं मूळ दातात. वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरले, ससे आजारी पडले, आणि 1920 च्या दशकात त्याने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. अमेरिकेत आणि इंग्लंडात चांगल्या दातांच्या पंक्तीच्या पंक्ती उपटल्या गेल्या. प्राइसचे प्रयोग इतरांनी काळजीपूर्वक केले तेव्हा ते टिकले नाहीत. 1938 मध्ये सेसिल आणि अँजेवाइन यांनी संधिवाताच्या दोनशे रुग्णांची तपासणी मांडली. दात आणि टॉन्सिल काढून संधिवात बरा होतो याला आधार मिळाला नाही. हा सेसिल आधी त्याच मताचा पुरस्कर्ता होता. आपलं मत चुकलं असं छापून सांगणारा डॉक्टर दुर्मीळ. म्हणून त्याचं नाव घेतलं.

खुर्चीत प्रत्यक्ष काय होतं तेही सांगतो, कारण भीती बहुधा न पाहिलेल्याची असते. आधी भूल. लिग्नोकेन हे औषध स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने 1943 साली बनवलं. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी सांगितलेल्या दातांच्या भयकथा त्यांच्यापुरत्या खऱ्या होत्या. एक कबुली देतो. फार सुजलेली खालची दाढ पहिल्या सुईने पूर्ण बधिर होत नाही, असं होतं. मग आणखी भूल द्यावी लागते. दुखलं तर हात वर करा, डॉक्टरने थांबलंच पाहिजे. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. 1864 पासूनची ही युक्ती आहे आणि आजही अनेक ठिकाणी ती टाळली जाते, हे माझ्याच धंद्याबद्दल नाइलाजाने सांगतो.

मग वरून भोक पाडून चाऱ्या शोधायच्या. सुरुवातीच्या फाइलचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. दाढेची लांबी वीस-बावीस मिलिमीटर. पाटकऱ्याची कसोटी इथे लागते. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण निम्म्याहून अधिक माणसांत चाऱ्या चार. चौथी सुटली, की सगळं छान झाल्यावरही वर्षभराने दाढ बोलते. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये असतं तेच सोडियम हायपोक्लोराइट पातळ करून चाऱ्या पुन्हापुन्हा धुतात. सफाई फाइलने होते असं लोकांना वाटतं. अर्धी सफाई या पाण्याची.

शेवटी चाऱ्या भरायच्या, त्या गुट्टापर्चाने. मलायातल्या झाडांचा हा चीक. 1870 साली मुंबईहून एडनला समुद्राखालून तार टाकली, तेव्हा तिच्यावरचं आवरण याच चिकाचं होतं. पाणी आत शिरू देत नाही हा त्याचा गुण. आमच्या काड्यांत तो साधारण पाचवा हिस्सा असतो, बाकी मुख्यतः झिंक ऑक्साइड. एका बैठकीत करायचं की तीन, यावर घरोघरी वाद होतात. दोन्हींत निकालाचा फारसा फरक नाही. दाताची अवस्था आणि डॉक्टरचा वेळ यावर ते ठरतं.

कॅपबद्दल मला टोमणे मिळतात. "रूट कॅनॉल केलं, आता कॅपचे वेगळे!" दाढ सुकते म्हणून फुटते असं सांगतात, ते अपुरं आहे. कीड आणि आम्ही, दोघांनी मिळून तिच्या भिंती पोखरलेल्या असतात. अशा दाढेवर बोर अठळीसकट चावलं की ती उभी चिरते आणि चिरलेल्या मुळाला उपाय नाही. समोरच्या दाताचा थोडाच भाग गेला असेल, तर कॅप नको म्हणणारा डॉक्टर तुमच्या हिताचं बोलतोय. दाढेला मात्र टाळाटाळ करू नका. आणि कॅपखाली कीड लागत नाही, हेही खोटं. कडेने लागते. नस नसल्याने कळत मात्र नाही.

गरोदर बाईने दातांना हात लावू नये, असंही घरातल्या मोठ्या बाया सांगतात. मधले तीन महिने उपचाराला सगळ्यात सोयीचे, आणि गरज पडली तर कोणत्याही महिन्यात ठणका अंगावर काढण्यापेक्षा उपचार बरे. डॉक्टरला दिवस गेल्याचं आधी सांगायचं, एवढंच.

दात काढणं चूक असतं असं मी म्हणत नाही. मूळ उभं चिरलं, हाडाचा आधार गेला, वर कॅप धरायला दातच उरला नाही, तर काढणं हाच इलाज. अक्कलदाढेवर एवढी मेहनत घेण्यात बहुधा अर्थ नसतो. पण पैसे वाचतात म्हणून चावायची चांगली दाढ काढली, तर शेजारच्या दाढा मोकळ्या जागेत कलतात, समोरची खाली उतरते, आणि पाच वर्षांनी त्या रिकाम्या जागेचा खर्च रूट कॅनॉलहून जास्त येतो. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं. धुळ्यात साक्री रस्त्यावर एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. जळगावहून एरंडोल-पारोळ्यामार्गे दोन-अडीच तासांचा रस्ता. अशा ठिकाणी वेळ जास्त लागतो, कारण शिकणारे हात असतात, पण मागे शिकवणारे उभे असतात.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांची दाढ वर्षा-दोन वर्षांपूर्वी ठणकली, उपचाराशिवाय थांबली आणि तेव्हापासून गप्प आहे, त्यांनी या पंधरवड्यात तिचा एक छोटा एक्स-रे काढून घ्यावा.

आता प्रश्न विचारा. फक्त कोणी व्यासपीठावर येऊन तोंड उघडून दाखवू नका. इथला उजेड त्या कामाचा नाही.